एरलँगचे नोड जोडले, पण मेसेज पोचला हे कसं ठरवायचं?

अंधेरी_पूर्व

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उत्तरं मागण्यापेक्षा सगळं मांडतो.

आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मुख्य लॅब अंधेरीला एमआयडीसीत आहे, नमुने गोळा करायची केंद्रं दादर, ठाणे आणि बोरिवलीला. तपासणी झाली की 'रिपोर्ट तयार' असा मेसेज त्या केंद्राच्या मशीनवर जातो. तिथली प्रोसेस (प्रोग्रॅममधलं स्वतंत्र चालणारं काम) प्रिंट काढते आणि पेशंटला एसएमएस पाठवते. प्रोग्रॅम एलिक्सर या भाषेत आहे, म्हणजे खाली एरलँग या भाषेचंच यंत्र; त्याची मशीनवर चालू असलेली एकेक प्रत म्हणजे नोड. चारही मशीन व्हीपीएनने जोडलेली आहेत.

अडचणी दोन. पहिली, ठाण्याचा नोड जोडलाच जात नाही. साधं आयपी पिंग व्यवस्थित चालतं, पण शेलमधून नोडला पिंग केलं की 'पाँग' (जोडला) ऐवजी 'पँग' (जोडला नाही) येतं. दुसरी जास्त त्रासाची आहे. दादरला अधूनमधून एकच रिपोर्ट दोनदा छापला जातो आणि पेशंटला दोन एसएमएस जातात. तेव्हा अंधेरीच्या लॉगमध्ये टाइमआउट दिसतो. टाइमआउट आला तर मेसेज गेला नाही असं धरून कोड तो पुन्हा पाठवतो. मग पहिला कुठून पोचला?

विक्रोळी_लिंक

आधी ठाणं बघू. 'पँग' हे एकच उत्तर बऱ्याच वेगवेगळ्या कारणांनी येतं, म्हणून अंदाज बांधत बसू नका, एकेक कडी तपासा.

नोडची नावं कशी दिलीत? एसनेम वापरलं तर नावात '@'नंतर नुसता होस्ट येतो, नेम वापरलं तर पूर्ण डोमेन किंवा आयपी लागतो. एक नोड आखूड नावाचा आणि दुसरा लांब नावाचा असेल तर ते एकमेकांशी बोलतच नाहीत. तुमचं व्हीपीएन आहे, तेव्हा सगळीकडे नेम आणि व्हीपीएनचा आयपी ठेवा. डीएनएसची भानगडच नको.

मग ईपीएमडी. प्रत्येक मशीनवर हा छोटा डीमन ४३६९ पोर्टवर बसलेला असतो आणि 'या नावाचा नोड अमुक पोर्टवर आहे' एवढंच सांगतो. मेसेज त्याच्यातून जात नाहीत. अंधेरीच्या शेलमधून नेट-अ‍ॅडमचं नेम्स फंक्शन ठाण्याचा आयपी देऊन चालवा. नाव आणि पोर्ट परत आला तर ईपीएमडीपर्यंत रस्ता मोकळा आहे.

शेवटी कुकी, म्हणजे जोडायच्या नोडकडे सारखीच असावी लागणारी खुणेची ओळ. दोन्हीकडे तीच आहे याची खात्री कशी केलीत ते सांगा. आणि ठाण्याच्या बाजूचा लॉग इथे टाका. पँग दिसतं अंधेरीला, पण कारण बहुतेक वेळा पलीकडच्या लॉगमध्येच लिहिलेलं असतं.

अंधेरी_पूर्व

नावं सगळीकडे लांब, आयपीसकट. नेम्स चालवलं तर नोडचं नाव आणि पोर्ट दोन्ही आलं. ठाण्याच्या लॉगमध्ये ही ओळ आहे: 'कनेक्शन अटेम्प्ट फ्रॉम नोड', पुढे आमच्या नोडचं नाव, आणि मग 'रिजेक्टेड, इनव्हॅलिड चॅलेंज रिप्लाय'.

कुकी मी स्वतः ठाण्याच्या मशीनवर लॉगिन करून होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये पाहिली. अंधेरीशी अक्षर न् अक्षर जुळते.

विक्रोळी_लिंक

मग झालंच. तुम्ही पाहिलीत ती तुमच्या युजरच्या होममधली कुकी. सर्व्हिस कुठल्या युजरखाली चालते? सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) वेगळ्या युजरखाली सुरू केली असेल तर एरलँग त्या युजरच्या होममध्ये कुकी शोधतं, आणि फाइल नसेल तर गुपचूप स्वतःच नवीन बनवतं. ती अर्थातच तुमच्याशी जुळणार नाही. सर्व्हिसच्या युजरचं होम बघा, तिथे एक वेगळीच फाइल सापडेल. कुकी बदलल्यावर परवानग्या ४०० ठेवा. मालकाशिवाय इतरांना वाचता येत असेल तर एरलँग तक्रार करून सुरूच होत नाही.

त्या ओळीचा अर्थही सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. जोडणीच्या वेळी कुकी तारेवरून जात नाही. एक बाजू यादृच्छिक संख्या पाठवते, दुसरी ती संख्या आणि कुकी मिळून एमडी५ (गणिताने काढलेला ठसा) काढून परत देते. तो जुळला नाही की ही ओळ येते. म्हणजे ती दिसली तर नेटवर्क, पोर्ट, ईपीएमडी सगळं ठीक आहे आणि फक्त कुकी चुकली आहे, हे डोळे झाकून समजा.

अंधेरी_पूर्व

तेच निघालं. सर्व्हिसच्या होममध्ये दुसरी कुकी होती. ठाणं जोडलं गेलं, पाँग आलं. मनापासून आभार!

दादरचं मात्र अजून कळत नाहीये.

ऐरोली_नाइटशिफ्ट

दादरवर कुणीतरी लिहीलच, पण तोवर पोर्टबद्दल बोलतो, कारण मी रोज डेटा सेंटरमध्ये हीच कुलपं लावतो.

तुमचे नोड सहज जोडले गेले याचा अर्थ व्हीपीएनच्या आत सगळे पोर्ट उघडे आहेत. ईपीएमडी जो पोर्ट सांगतं तो सुरू होताना मिळेल तो घेतलेला असतो, प्रत्येक रीस्टार्टला बदलतो. त्यामुळे फायरवॉल लावायला बसलात की अडकाल. कर्नल अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये लिसन-मिन आणि लिसन-मॅक्स देता येतात. समजा ९१०० ते ९१०५. मग ४३६९ आणि हे सहा पोर्ट, तेही फक्त तुमच्या चार आयपींना, एवढंच उघडं ठेवा.

आणि हे कळकळीने सांगतो: कुकी म्हणजे पासवर्ड समजू नका. ती वेगवेगळे समूह चुकून एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आहे. ज्याच्या हाती कुकी आणि पोर्ट आहे तो तुमच्या नोडवर काहीही चालवू शकतो, फाइल पुसण्यापर्यंत. अधलामधला अधिकार असा प्रकारच नाही. शिवाय हातमिळवणी झाल्यावर मेसेज उघडेच जातात. तुमच्याकडे लोकांचे रक्ताचे रिपोर्ट आहेत. व्हीपीएन आहे ते चांगलंच, पण वितरणाला, म्हणजे नोडमधल्या बोलण्याला, टीएलएस (मेसेज कूटबद्ध करणं) लावायची सोय एरलँगमध्येच आहे, तीही लावा. ईपीएमडी मुळात सगळ्या इंटरफेसवर ऐकत बसतं, त्याला पत्ता ठरवून देऊन फक्त व्हीपीएनवर बांधा.

मुलुंडकर_मीनल

आता दादर. मला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंत, 'टाइमआउट आला तर मेसेज गेला नाही असं धरून'. सगळा घोळ त्या धरण्यात आहे. जेनसर्व्हरच्या (मेसेज घेऊन उत्तर देणाऱ्या प्रोसेसचा तयार साचा) कॉलला काही सांगितलं नाही तर ५००० मिलिसेकंद थांबतो. ५ सेकंदांत उत्तर आलं नाही, टाइमआउटचा अर्थ एवढाच. मेसेज वाटेत हरवला असेल. पोचला असेल पण काम अजून चालू असेल. किंवा काम पूर्ण होऊन उत्तर वाटेत अडकलं असेल. अंधेरीला बसून या तिन्हींत फरक करता येत नाही, कितीही हुशार कोड लिहिला तरी.

दादरला काय होत असेल ते डोळ्यांसमोर आणा. तिथली प्रोसेस मेलबॉक्समधला मेसेज उचलते, प्रिंटरला काम देते आणि प्रिंट होईपर्यंत थांबते. प्रिंटर झोपलेला असेल किंवा कागद संपलेला असेल तर सहज ८-१० सेकंद जातात. इकडे अंधेरीचा कॉल पाचव्या सेकंदाला कंटाळला आणि तुमच्या कोडने तोच मेसेज परत पाठवला. तो दादरच्या मेलबॉक्समध्ये पहिल्याच्या मागे रांगेत लागला. पहिला रद्द झाला नाही. कॉल करणाऱ्याने वाट बघणं सोडलं म्हणून पलीकडच्या मेलबॉक्समधून काहीही काढलं जात नाही. प्रोसेसने पहिला छापला, मग दुसरा उचलला, तोही छापला.

टाइमआउट ३० सेकंद करा असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. दुहेरी प्रिंट कमी होतील, थांबणार नाहीत, आणि मध्ये लिंक खरंच गेली तर अंधेरीची प्रोसेस अर्धा मिनिट ताटकळेल.

मी असं करेन. प्रत्येक रिपोर्टला ओळख द्या: नमुन्याचा बारकोड आणि रिपोर्टची आवृत्ती. आवृत्ती हवीच, कारण दुरुस्त केलेला रिपोर्ट खरोखर पुन्हा छापायचा असतो. दादरच्या प्रोसेसने मेसेज आला की स्थानिक टेबलात 'मिळाला' अशी नोंद करायची आणि लगेच पोचपावती द्यायची. यात प्रिंटर कुठेच नाही, त्यामुळे कॉल चटकन संपतो. तीच ओळख पुन्हा आली तर नवीन नोंद न करता नुसती पोचपावती द्यायची. छपाई दुसरी प्रोसेस त्या टेबलातून बघून करेल. अंधेरीकडे पोचपावती न आलेल्यांची यादी राहील आणि ती येईपर्यंत ते मेसेज ठरावीक वेळाने जात राहतील. आता ते कितीदाही जाऊ देत.

अंधेरी_पूर्व

मीनलताई, हे वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. कागद संपण्याचा आणि दोनदा छापण्याचा संबंध दादरच्या काउंटरवरच्या बाईंनीही सांगितला होता, मला तो तेव्हा लागला नव्हता.

एक शंका. छपाईवाली प्रोसेस 'छापला' अशी नोंद प्रिंटच्या आधी करेल की नंतर? आधी केली आणि वीज गेली तर रिपोर्ट कधीच छापला जाणार नाही. नंतर केली आणि नेमकी मध्ये वीज गेली तर दोनदा.

मुलुंडकर_मीनल

अगदी नेमकी जागा पकडलीत. यातून सुटका नाही, कारण प्रिंटर तुमच्या डेटाबेसच्या व्यवहारात सामील होत नाही. एसएमएसचंही तेच. नेमकं एकदाच होईल अशी हमी कुणी देत असेल तर त्या हमीच्या कडेला काय आहे ते तपासून घ्या.

तेव्हा कुठली चूक परवडते ते आपण ठरवायचं. हरवलेला रिपोर्ट परवडत नाही, जास्तीचा कागद परवडतो. म्हणून नंतर नोंद करा. त्यात एक सुधारणा सुचवते: प्रिंट सुरू करताना 'हाती घेतला' आणि संपल्यावर 'पूर्ण', अशा दोन नोंदी ठेवा. मशीन परत सुरू झाल्यावर ज्यांची फक्त 'हाती घेतला' नोंद आहे ते आपोआप छापू नका, काउंटरच्या स्क्रीनवर दाखवा. कागद ट्रेमध्ये पडलाय का हे काउंटरवरच्या बाई क्षणात सांगतील. ते कळायला प्रोग्रॅमकडे दुसरा मार्ग नाही.

निवृत्त_एक्स्चेंज

मी प्रोग्रॅमर नाही, आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. पण ही भाषा आमच्याच धंद्यातून आली म्हणून वाचत होतो. १९८६ च्या सुमारास एरिक्सनच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती एक्स्चेंजच्या प्रोग्रॅमसाठी घडवली, आणि डिसेंबर १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. एक्स्चेंज रात्री बंद करून दुरुस्त करता येत नाही, आणि एका ग्राहकाचा कॉल बिघडला म्हणून बाकीच्यांचे तुटता कामा नयेत. वेगळ्या प्रोसेस, सामाईक मेमरी नाही, बोलणं फक्त मेसेजने, हे सगळं त्या गरजेतून आलेलं आहे.

आमच्याकडे समोरचं एक्स्चेंज बंद पडणं आणि मधली लिंक जाणं या दोन वेगळ्या बाबी होत्या, दुरुस्तीला माणूस कुठे पाठवायचा ते त्यावर ठरायचं. तुमच्याकडे हा फरक कसा कळतो?

विक्रोळी_लिंक

काका, प्रश्न फार चांगला आहे, आणि उत्तर अर्धंच चांगलं आहे.

दुसऱ्या नोडवरच्या प्रोसेसला मॉनिटर लावता येतो. ती संपली की आपल्याला 'डाउन' मेसेज येतो आणि त्यात कारण असतं. 'नोप्रोक' म्हणजे नोड आहे पण त्या नावाची प्रोसेस तिथे नाही. 'नोकनेक्शन' म्हणजे आपला त्या नोडशी संपर्क तुटला, एवढंच. ती प्रोसेस पलीकडे ठणठणीत चालू असू शकते. म्हणून नोकनेक्शन आलं की 'ती मेली' असं समजून तिचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ नका.

आणि हे कळायलाही वेळ लागतो. नेट-टिकटाइम (समोरचा नोड आहे का ते तपासायचा अवधी) मुळात ६० सेकंद असतो. दुसरीकडून काहीच आलं नाही तर नोड गेला हे ४५ ते ७५ सेकंदांच्या दरम्यान कळतं. पावसाळ्यात रस्ता खणताना केबल तुटली, तर तेवढा वेळ तुमचं 'सेंड' यशस्वी झाल्यासारखं वाटत राहील, कारण सेंड कधीच उत्तराची वाट बघत नाही. त्या मिनिटातले मेसेज बफरमध्ये जाऊन तिथेच संपतील.

क्रमाबद्दलही लोक गल्लत करतात. एका प्रोसेसने दुसरीला पाठवलेले मेसेज त्याच क्रमाने पोचतात, ही हमी आहे. सगळे पोचतात, ही नाही. जोडणी तुटून परत लागली तर पहिला मेसेज आला, दुसरा गळला, तिसरा आला असं होऊ शकतं. आणि दोन वेगवेगळ्या प्रोसेसनी तिसरीला पाठवले तर आधी कुणाचा येईल याला काहीच नियम नाही.

माटुंगा_हॉस्टेल

मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, एरलँग नाही पण एमपीआय (प्रोसेसमध्ये मेसेज पाठवायची एक लायब्ररी-पद्धत) करतोय. माझा प्रश्न याच्या जवळचा वाटतो म्हणून इथेच विचारतो. दोन प्रोसेस आहेत, रँक ० आणि रँक १. दोघीही आधी एकमेकींना सेंड करतात आणि मग रिसीव्ह. छोट्या अ‍ॅरेवर प्रोग्रॅम छान चालतो, अ‍ॅरे मोठा केला की दोन्ही प्रोसेस अडकून राहतात. एररही येत नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट

एमपीआयमधलं साधं सेंड मेसेज छोटा असेल तर तो बफरमध्ये टाकून लगेच परततं. मोठा असेल तर समोरच्याने रिसीव्ह सुरू करेपर्यंत थांबतं. मर्यादा किती ते त्या-त्या लायब्ररीवर आहे. तुझ्या दोन्ही रँक सेंडमध्ये थांबल्यात, रिसीव्हपर्यंत कुणीच जात नाही. छोट्या अ‍ॅरेवर चाललं ते बफरच्या कृपेने, एमपीआयच्या मानकानुसार तो प्रोग्रॅम तेव्हाही चुकीचाच होता. सेंडरिसीव्ह हे एकत्रित फंक्शन वापर, किंवा एका रँकला आधी रिसीव्ह करायला लाव. आणि तपासताना सेंडच्या जागी एससेंड घाल. ते कधीच बफरवर विसंबत नाही, त्यामुळे असली चूक छोट्या अ‍ॅरेवरच उघडी पडते.

माटुंगा_हॉस्टेल

एससेंड घातल्यावर चार आकड्यांच्या अ‍ॅरेवरही अडकलं! आता कळलं. धन्यवाद दादा.

गोरेगाव_बॅकएंड

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा मध्ये रॅबिटएमक्यू (मेसेजची रांग सांभाळणारा तयार प्रोग्रॅम) ठेवा. रांग, पोचपावती, पुन्हा पाठवणं सगळं तयार मिळतं.

मुलुंडकर_मीनल

चांगला पर्याय आहे, मी विरोध करणार नाही. पण त्याने बारकोड-आवृत्तीची ओळख टळत नाही. मेसेज घेणाऱ्या प्रोग्रॅमने काम केलं आणि पोचपावती द्यायच्या आधी तो पडला, तर रॅबिट तो मेसेज पुन्हा देणारच, आणि तसंच त्याने करायला हवं. म्हणजे दुहेरी ओळखायचं काम शेवटी दादरच्या मशीनवरच येतं. शिवाय रॅबिट स्वतः एरलँगमध्ये लिहिलेला आहे. त्याचे नोड समूहात जोडायला गेलात की तीच कुकी, तेच ४३६९, वर २५६७२ हा पोर्ट.

माझा खरा आक्षेप मूळ रचनेवर आहे. एरलँगचं वितरण एका खोलीतल्या, भरवशाच्या नेटवर्कवरच्या मशीनसाठी उत्तम आहे. अंधेरी ते ठाणे ब्रॉडबँडवरून त्याच्यावर विसंबणं मला पटत नाही. नोड मुळात सगळ्यांशी जोडले जातात: ४ नोडला ६ जोडण्या, १० केंद्रं झाली तर मुख्य लॅब धरून ११ नोडला ५५. बोरिवलीला ठाण्याशी बोलायचं कारणच काय? निदान केंद्रांचे नोड हिडन तरी ठेवा, म्हणजे एकाशी जोडल्यावर बाकीच्यांशी आपोआप जोडले जाणार नाहीत.

अंधेरी_पूर्व

एक सांगायचं राहिलं. 'रिपोर्ट वाटप' ही प्रोसेस आम्ही ग्लोबल नावाने (सगळ्या नोडना मिळून एकच) नोंदवली आहे, अंधेरीचा नोड गेला तर दादरने ती सुरू करावी म्हणून. ते ठेवावं का?

विक्रोळी_लिंक

काढा. अंधेरीचा नोड गेला आणि अंधेरीची लिंक गेली हे दादरला सारखंच दिसतं, वर काकांना सांगितलं तेच. लिंक गेली की दादर आपली वाटप प्रोसेस सुरू करणार, अंधेरीची चालूच असणार. दोघी वाटत राहतील. लिंक परत आली की ग्लोबलला एकाच नावाच्या दोन प्रोसेस सापडतात, आणि काही सांगितलं नसेल तर तो यादृच्छिकपणे एक ठेवतो आणि दुसरीला मारतो. मारलेल्या प्रोसेसच्या हातातली यादी तिच्याबरोबर जाते.

खरोखर पर्यायी प्रोसेस हवी असेल तर बहुमत लागतं. तीन नोड, त्यातल्या दोघांचं एकमत असेल तरच काम करायचं, एकटा पडलेल्याने गप्प बसायचं. ते तीन नोड अंधेरीच्याच खोलीत ठेवा. केंद्रांना त्या मतदानात घेऊ नका.

आणि तुमच्या बाबतीत याची निकडही नाही. अंधेरीची लॅबच बंद असेल तर नवे रिपोर्ट कुठून येणार? यादी डिस्कवर असली की नोड परत उठल्यावर वाटप तिथूनच पुढे चालू होईल.

गोरेगाव_बॅकएंड

हे पटलं. तरी केंद्रं दहाच्या वर गेली तर मी रॅबिटच निवडेन, निदान रांगेत किती साचलंय ते स्क्रीनवर दिसतं.

अंधेरी_पूर्व

तर आता असं ठरवलंय. ग्लोबल नाव काढतोय. अंधेरीला पोचपावती न आलेल्यांची यादी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये राहील. केंद्रांवर 'मिळाला', 'हाती घेतला', 'पूर्ण' अशी तीन अवस्थांची स्थानिक टेबलं, ओळख बारकोड आणि आवृत्ती. केंद्रांचे नोड हिडन, पोर्ट ९१०० ते ९१०५, आणि टीएलएस. मीनलताईंचा आक्षेप मान्य आहे, म्हणून पाठवण्याचा कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवतोय. पुढे एरलँग वितरणाऐवजी एचटीटीपी घातलं तर टेबलांना हात लावायला लागू नये. गोरेगावकर, साचलेल्यांचा आकडा आम्हालाही हवाच आहे, तो त्या यादीवरूनच काढून काउंटरच्या स्क्रीनवर दाखवतो.

पहिल्यांदा बोरिवलीला लावतो, तिथे नमुने सगळ्यात कमी येतात.

मुलुंडकर_मीनल

बोरिवलीला लावल्यावर दोन चाचण्या मुद्दाम करा. प्रिंटरचा कागद काढून ठेवून रिपोर्ट पाठवा, आणि प्रिंट चालू असताना मशीनची वायर ओढा. नंतर टेबलात काय नोंदी आहेत आणि ट्रेमध्ये किती कागद आहेत ते दोन्ही इथे लिहा. त्यावरून 'हाती घेतला'ची यादी काउंटरला कशी दाखवायची ते ठरवू.